बीपीची गोळी रोज घेतली जाते का? मोजायचं कसं, सुटते कुठे आणि बसवायची कशी

चिठ्ठीवर रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा ठेवून काका म्हणतात, "हीच द्या, दोन. कालच संपल्या." मी बिलाच्या संगणकात त्यांचा नंबर टाकते. मागच्या वेळी याच १५च्या दोन स्ट्रिप नेल्यात, ४९ दिवसांपूर्वी.

"मधे दुसरीकडून घेतल्या का?"

"छे, तुमच्याकडूनच."

"रोज घेता ना पण?"

"रोज म्हणजे रोज. चुकायचं नाव नाही."

३० गोळ्या ४९ दिवस पुरल्या. आणि काका खोटं बोलत नव्हते. माणसाला घेतलेली गोळी आठवते. न घेतलेली आठवायला काही घडलेलंच नसतं. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मीही "रोज घेता ना?" असंच विचारायचे आणि "हो" ऐकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

ही एकट्या काकांची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात दीर्घ आजारांची औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असल्याचं म्हटलं होतं. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. त्यात बीपीच्या ४,७८३ रुग्णांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक चिप होती. वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांनी औषध सोडलं होतं, आणि जे घेत होते त्यांच्याही कुठल्याही एका दिवशी साधारण १० टक्के गोळ्या राहून जात होत्या. ताप असला की गोळी राहिल्याचं अंग सांगतं. बीपी काहीच सांगत नाही.

पुढे जे लिहिलंय ते डॉक्टरांनी ठरवलेली गोळी रोज पोटात जावी यासाठी. कुठली गोळी, किती, कधी बंद, हे त्यांनीच ठरवायचं.

आधी मोजा

विचारण्याआधी मोजावं. एक वही, घरातल्या सगळ्या स्ट्रिप आणि बिलं एवढंच लागतं.

गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा. बिलं नसतील तर तुमच्या मेडिकलवाल्याकडे मागा, त्याच्या संगणकात असतात. समजा १ जानेवारीला घरात एकही जुनी गोळी नव्हती. ३१ मार्चपर्यंत ९० दिवस झाले. त्या काळात १५च्या ४ स्ट्रिप आल्या, म्हणजे ६० गोळ्या. ३१ मार्चच्या रात्री ३ उरल्यात. पोटात गेल्या ५७. आता ५७ भागिले ९० करा : ६३ टक्के.

संशोधनात बहुतेक वेळा ८० टक्क्यांची रेघ मारतात. ९० पैकी ७२ दिवस औषध मिळालं तर "नियमित", त्याखाली "अनियमित". ही रेघ अभ्यासकांच्या सोयीची आहे. तिचा अर्थ महिन्यात सहा दिवस सुट्टी चालते असा काढू नये.

मोजताना चार ठिकाणी गफलत होते. दिवसातून दोनदा गोळी असेल तर दिवसांना दोनने गुणा. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या असतील तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा करा, कारण बऱ्याचदा एकच नावडती असते आणि बाकीच्या नियमित जात असतात. मुलीकडे, गावच्या घरी, पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात पडलेल्या स्ट्रिपही मोजा. आणि उलटा घोळही बघा : हिशेबापेक्षा गोळ्या लवकर संपत असतील तर कुणीतरी दोनदा घेतंय, किंवा घरात दुसऱ्या कुणाचं "बीपी वाढल्यासारखं वाटलं" म्हणून त्याच स्ट्रिपमधून वाटप चाललंय. शेजारणीला एक गोळी देणं हा आपल्याकडे शेजारधर्मात मोडतो, त्याला काय करणार.

टक्केवारीत एक गोष्ट मात्र दडून राहते. ६३ टक्के म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक राहिली असेल, किंवा दोन महिने चोख घेऊन शेवटचा महिना सगळंच बंद असेल. आकडा तोच, दुखणं वेगळं. म्हणून पुढचे १४ दिवस रोज एक खूण करा. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतंच. तारखेच्या चौकोनात घेतली तर टिंब, नाही तर रिकामा चौकोन. कारण लिहायचं नाही, फक्त टिंब. दोन आठवड्यांनी रिकाम्या चौकोनांचे वार बघा.

गोळी तीन ठिकाणी सुटते

पहिली जागा अगदी सुरुवातीची. चिठ्ठी मिळते, गोळी घेतलीच जात नाही. किंवा पहिली स्ट्रिप आणली जाते आणि "आधी महिनाभर मीठ कमी करून बघू" म्हणून फ्रिजवर पडून राहते. दुसरी जागा मधली : औषध चालू आहे, पण त्याला भोकं आहेत. तिसरी जागा शेवटची : एके दिवशी स्ट्रिप संपते, नवी येत नाही, आणि कुणी ठरवून बंद केलेलं नसतं.

आपण तिन्हींवर एकच उपाय करतो. मोबाइलचा गजर. ज्याला विसर पडतो त्याला गजर उपयोगी. ज्याला गोळीची भीती आहे त्याच्यासाठी तो रोज सकाळी आठ वाजता भीतीची आठवण करून देतो. ज्याच्या घरात गोळीच संपली आहे त्याला गजर काय करणार? म्हणून मोजणी झाल्यावर, यातली कुठली जागा आपली आहे ते आधी ओळखा.

न सांगितलेली कारणं

डॉक्टरांसमोर लोक "विसरतो" म्हणतात, कारण ते म्हणायला सोपं असतं. काउंटरवर, तेही बाजूला गिऱ्हाईक नसेल तेव्हा, दुसरीच कारणं निघतात.

"एकदा सुरू केली की सुटत नाही" हे सगळ्यात मोठं. लोकांच्या मनात हे तंबाखूसारखं बसलेलं असतं, की गोळीची सवय लागते आणि मग शरीर तिच्यावाचून चालत नाही. तसं काही नसतं. गोळी थांबली की बीपी आपल्या मूळ जागी जातं, कारण आजार तिथेच असतो. कौलं घातल्यावर घर गळायचं थांबलं म्हणून कुणी कौलं उतरवत नाही. वजन उतरलं, मीठ खरोखर कमी झालं, तर डॉक्टर काही जणांचा डोस कमी करतात, क्वचित गोळी बंदही करून बघतात. पण ते बीपी मोजत मोजत होतं. "आता नॉर्मल आलंय" म्हणून रविवारी घरी ठरवायचं ते काम नव्हे.

दुसरं, "डोकं जड झालं की घेते." बीपी वाढलेलं आपल्याला कळतं हा समज फार पक्का आहे. बहुतेकांना ते कळत नाही, म्हणूनच तर ते पुढे जाऊन पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचं नुकसान करतं. डोकं दुखल्यावर बीपीची गोळी घेणाऱ्या मावशींचं डोकं बहुधा चष्म्याच्या नंबरनं किंवा सकाळपासून न खाल्ल्यानं दुखत असतं.

तिसरं, "गोळ्यांनी किडनी जाते." इथे मला थोडा राग येतो. हेच म्हणणारी माणसं गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या महिनोन्महिने मागून नेतात. या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. न आवरलेलं बीपी हेही मूत्रपिंड खराब होण्याचं एक मोठं कारण आहे. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी औषधं सुरू केल्यावर डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ती तपासणी करावी. तिच्या भीतीनं गोळी सोडू नये.

चौथं कारण दुष्परिणाम. हे खरंखुरं असतं आणि याला उत्तरही असतं, म्हणून यावर थोडं थांबू.

अॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, माणूस घाबरतो आणि गोळी बंद करतो. ही सूज बहुतेक वेळा डोसवर अवलंबून असते. डॉक्टर डोस कमी करू शकतात, किंवा टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध जोडतात, त्यानं सूज उतरायला मदत होते. अर्थात सुजेबरोबर दम लागत असेल तर ती वेगळी गोष्ट, लगेच दाखवा. रॅमिप्रिल, एनालाप्रिलनं काहींना कोरडा, टिकून राहणारा खोकला येतो. महिनाभर खोकल्याची बाटली नेणारी माणसं मी पाहिली आहेत. औषध बदललं की खोकला जातो. जिभेला, ओठांना, चेहऱ्याला अचानक सूज आली तर मात्र ते तातडीचं, थेट दवाखाना. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, लोक एसटीच्या प्रवासाच्या आणि लग्नाच्या दिवशी हमखास टाळतात, बायका तर जास्तच, कारण वाटेत धड स्वच्छतागृह नसतं. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्या दिवशी वेळ पुढेमागे करता येईल का, एवढंच विचारायचं असतं.

बीटा ब्लॉकर गटात, म्हणजे अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, काहींना थकवा येतो, नाडी मंदावते. पण या गोळ्या एकदम कधीही बंद करायच्या नाहीत. विशेषतः हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ते धोक्याचं ठरतं. क्लोनिडिन हे बीपीचं आणखी एक औषध अचानक थांबवलं तर बीपी उसळून पूर्वीपेक्षा वर जाऊ शकतं.

आणि एक तक्रार माझ्यापर्यंत येतच नाही. पुरुष ती दुकानातल्या पोराच्या कानात सांगतात. काही बीपीच्या गोळ्यांनी लैंगिक अडचण येऊ शकते, काही वेळा ती बीपीमुळे किंवा मधुमेहामुळेच असते. दोन्ही बाबतीत डॉक्टरांकडे पर्याय आहेत. गुपचूप गोळी सोडून दिलेली माणसं ते सांगायला लाजतात, आणि मग पुढच्या भेटीत त्यांचा डोस वाढतो.

घरगुती आणि आयुर्वेदिक औषधांवरून मी कुणाशी भांडत नाही. सर्पगंधेनं बीपी उतरतं हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीच १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं होतं. तिच्यापासून पुढे रेसरपिन हे बीपीचं औषध आलं. म्हणूनच सर्पगंधा असलेलं चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. दोन्ही मिळून बीपी फार खाली जाऊ शकतं. उलट घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. "हे तर आयुर्वेदिक आहे" म्हणून यादीतून वगळू नका.

वेळ आणि जागा

सकाळी की रात्री, यावर बरीच चर्चा झाली आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांचा फरक दिसला नाही. म्हणजे डॉक्टरांनी खास वेळ सांगितली नसेल तर जी वेळ तुमच्या घरात पक्की आहे ती घ्या.

पक्की वेळ म्हणजे घड्याळातली नव्हे. रोज न चुकता होणारं एखादं काम शोधा : पहिला चहा, देवापुढचा दिवा, दाढी, रात्रीचं गॅस बंद करणं. गोळी त्या कामाला बांधा आणि तिथेच ठेवा. चहाबरोबर घ्यायची तर चहा-साखरेच्या डब्यांच्या रांगेत, पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. कपाटातल्या औषधांच्या डब्यात ठेवलेली गोळी दुसऱ्या आजारांच्या गर्दीत हरवते. गॅसच्या अगदी शेजारी आणि न्हाणीघरात मात्र नको, उष्णता आणि ओल औषधाला चालत नाही.

आता वारांच्या कप्प्यांची ती प्लास्टिकची डबी. उत्तम वस्तू आहे, पण टेल्मिसार्टनसाठी नाही. ही गोळी हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे ती घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची असते. कोकणात पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या एकदम सोलून डबीत भरल्या तर गुरुवारची गोळी कशी झाली असेल ते बघाच. यावर माझा साधा उपाय : कायम शाईच्या पेनानं स्ट्रिपच्या पाठीवर, प्रत्येक गोळीच्या मागे वार लिहायचा. सो, मं, बु. बुधवारी रात्री "बु" दिसला की राहिली हे कळतं, आणि "घेतली की नाही" म्हणून दुसरी घेण्याचा प्रश्नही मिटतो. स्ट्रिप कात्रीनं कापून डबीत टाकली तरी चालेल, फक्त नाव आणि मुदत असलेला तुकडा शेवटी वापरा.

गोळी अर्धी करायची असेल तर आधी विचारा. ज्यांच्या नावात रिटार्ड, एक्सएल किंवा एसआर अशी शेपटी असते त्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत, आणि विचारल्याशिवाय तोडायच्याही नाहीत.

उपासाचं आता सांगते, कारण काकांचा हिशेब तिथेच सापडला. ४९ दिवस म्हणजे ७ आठवडे. काका सोमवार आणि शनिवार करतात. "उपाशीपोटी औषध घेऊ नये" म्हणून त्या दिवशी गोळी नाही : १४ दिवस. मधे मुलीकडे रविवारी गेले आणि शुक्रवारी परतले. स्ट्रिप इथेच राहिली. त्यातला सोमवार आधीच धरलेला, म्हणून आणखी ५. एकूण १९. हिशेब चोख जुळला. काकांच्या दृष्टीनं उपासाचा दिवस "चुकलेला" नव्हताच, तो नियमच होता.

अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन खाऊन किंवा न खाता, कसंही घेता येतं. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीनं उपास मोडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ती संध्याकाळी फराळाच्या वेळेवर कायमची न्यावी. तसंही साबुदाण्याची खिचडी खाल्लेल्या पोटाला उपाशी कोण म्हणेल? रमझानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी सहेरी किंवा इफ्तारची वेळ डॉक्टरांबरोबर आधीच ठरवावी. दिवसातून दोनदा गोळी असेल तर हे महिनाभर आधीच बोलावं.

गोळी संपण्याआधी

सुटण्याची तिसरी जागा बुजवायची असेल तर काम घरात आणि दुकानात आहे.

स्ट्रिपमध्ये ५ गोळ्या उरल्या की नवी आणायची. त्या पाचव्या गोळीच्या मागे पेनानं फुली मारून ठेवा. बीपीची स्ट्रिप १५ची, साखरेची १०ची, रक्त पातळ करण्याची १४ची असं असलं की दर आठवड्याला काहीतरी संपत राहतं. एकदाच जास्तीच्या घेऊन सगळ्यांची संपायची तारीख एक करा. मेडिकलवाला हे करून देतो, सांगायला हवं.

एकाच औषधाची नावं अनेक असतात. डॉक्टर बदलले, चिठ्ठीवर नवं नाव आलं, जुनी स्ट्रिप घरात आहे, आणि माणूस टेल्मिसार्टन दोन नावांनी दोनदा घेतोय, हे नेहमीचं आहे. ठळक अक्षरातलं नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. मूळ नाव एकच असेल तर थांबा आणि विचारा.

पैशांसाठी गोळी एक दिवसाआड घेणारे पुष्कळ आहेत आणि ते कधीच कारण सांगत नाहीत. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात हीच मूळ औषधं बऱ्याच कमी किमतीत मिळतात. (माझं दुकान असूनही सांगते. एक दिवसाआड घेतलेल्या महाग गोळीपेक्षा रोजची स्वस्त बरी.) महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मिळतात. कधी साठा संपलेला असतो, तेव्हा दोन खेपा व्हायला नकोत म्हणून आशाताईंना किंवा परिचारिकेला आधी फोन करा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्या उपक्रमाचा कणा याच दोन गोष्टी : मोजकी ठरलेली औषधं सतत उपलब्ध ठेवायची, आणि ठरल्या तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन करायचा.

गोळ्या दोन-तीन असतील तर "एकाच गोळीत बसतील का?" असा प्रश्न डॉक्टरांना जरूर करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एकत्र गोळीला पसंती दिली आहे, कारण गोळ्यांची संख्या कमी झाली की त्या नीट घेतल्या जातात.

राहिली तर

त्याच दिवशी आठवलं तर तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीही नाही.

अॅम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक दिवस राहिला तरी मशीनवर फारसं काही दिसत नाही, आणि इथेच फसगत होते. "काल नाही घेतली तरी १३० च आलं" म्हणून माणूस आणखी दोन दिवस थांबतो. तोवर औषध ओसरलेलं असतं.

तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या अनेक असतील आणि बरेच दिवस बंद असतील, तर सगळ्या एकदम पूर्ण डोसनं सुरू केल्यावर चक्कर येऊ शकते. प्राझोसिनच्या बाबतीत हे विशेष जपायचं.

जुलाब-उलट्या होत असतील, तापात पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातली गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारा. आणि दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर या गटातल्या गोळ्या गर्भाला घातक आहेत हे आधीच सांगून औषध बदलून घ्या.

वारीला किंवा लांब यात्रेला जाताना दोन ठिकाणी गोळ्या ठेवा, एक पिशवीत, एक सोबत्याकडे. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

घरचं मशीन आणि डॉक्टरांची भेट

मशीन दंडाला बांधायचं घ्या, पट्टा दंडाच्या मापाचा. चहा, तंबाखू, जिन्याची चढउतार यानंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा. घरी मोजलेलं सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर ते वाढलेलं धरतात. दिवसातून दहादा मोजू नका, त्यानं फक्त धडधड वाढते.

१८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा बघा. छातीत दुखणं, दम, बोलताना अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, दिसण्यात बदल यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. काहीच त्रास नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायचा जुना उपाय घरी करू नका, त्यानं बीपी धाडकन कोसळू शकतं.

भेटीच्या आधी चार दिवस सगळेच शहाण्यासारखे गोळ्या घेतात, दातांच्या डॉक्टरकडे जायच्या सकाळी आपण दात जरा जास्तच घासतो तसं. मग एक तर बीपी छान येतं आणि वर्षभराची भोकं झाकली जातात, किंवा वाढलेलं येतं आणि डॉक्टर दुसरी गोळी जोडतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. अर्ध्याच गोळ्या घेणाऱ्याला कागदावर तीन औषधं लागतात. तोच माणूस एखाद्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात भरती होतो, तिथे परिचारिका तिन्ही वेळेवर देतात आणि बीपी खाली जातं.

म्हणून भेटीला जाताना तीन गोष्टी न्या : कॅलेंडरचं ते पान, बीपीची वही आणि सगळ्या स्ट्रिप, चूर्णांसकट. बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला : "गेल्या महिन्यात माझ्या एवढ्या गोळ्या राहिल्या." डॉक्टर रागावतील ही भीती असते. रागावले तर रागावले. निदान डोस खऱ्या आकड्यावर ठरेल.

आई-वडिलांच्या गोळ्या

"आई, गोळी घेतलीस का?" याला उत्तर "हो" हेच येतं, पुण्याहून विचारा नाहीतर न्यूजर्सीहून. त्याऐवजी "या आठवड्यात किती दिवस राहिली?" असं विचारा. राहते हे गृहीत धरलं की सांगायची लाज जाते. व्हिडिओ कॉलवर स्ट्रिप दाखवायला सांगायची असेल तर रोज नको, रविवारी एकदा. रोजची हजेरी घेतली की आई गोळी घेण्याऐवजी ती फोडून टाकायला शिकते.

उभं राहताना चक्कर येते का, हेही विचारा. वय झालेल्यांनी गोळी सोडण्यामागे पडण्याची भीती असते आणि ती रास्त असते. बसून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी डॉक्टरांना मोजायला सांगा. स्मरणशक्ती खरोखरच उतरत असेल तर खुणा आणि गजर पुरत नाहीत. तिथे हातात गोळी देणारं माणूस लागतं, आणि दिवसातून एकदाच घ्यायचं औषध लागतं.

काकांनी गोळी रात्रीच्या जेवणावर नेली. उपास तेव्हा सुटलेला असतो. एक जादा स्ट्रिप मुलीकडे ठेवली. पुढच्या वेळी ते आले तो ३२वा दिवस होता. मी संगणकाकडे बघायच्या आत तेच म्हणाले, "दोन राहिल्या. एक भाच्याच्या हळदीला, रात्री उशीर झाला. आणि एक परवा, एकादशीला. ती मुद्दाम नाही घेतली." मग जरा थांबून, "एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो हो. तेवढ्याचं काय करायचं ते सांगा."